पडद्यावरच्या बाईचा हिशोब

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत, जेवणाच्या सुट्टीनंतर, एका ग्रामसंघाच्या हिशोब लिहिणाऱ्या ताईंनी केलेलं भाषण. वेळेअभावी सभेत जे राहून गेलं तेही त्यांनी इथे लिहून दिलं आहे.)



सकाळपासून तुम्ही लेखापरीक्षणाचा अहवाल ऐकला, बँकेच्या साहेबांचं ऐकलं, परतफेडीचे टक्के ऐकले. आता जेवणं झालीत, डोळे जड झालेत. म्हणून मला सांगण्यात आलं की ताई, तुम्ही पिक्चर आणि मालिकांवर बोला, म्हणजे बाया जाग्या राहतील. बोलते. पण मी काही त्यातली जाणकार नाही बरं का. बारावीपर्यंत शिकले, गटाचं दप्तर लिहिते, आणि रात्री भांडी झाली की टीव्हीपुढं बसते, तुमच्यासारखीच.

फक्त एक खोड आहे. इतकी वर्षं जमा-नावे लिहून लिहून लागलेली. पडद्यावर बाई दिसली की मला पहिला प्रश्न पडतो, हिच्याकडं पैसा येतो कुठून आणि तो ठेवतं कोण? आमची जाऊ साडी बघते, दागिने बघते. मी म्हणते, अगं, हिला महिन्याचा किराणा कोण आणून देतंय ते बघ. जाऊ म्हणते, तुमच्यासंगं मालिका बघायची म्हणजे बैठकीला बसल्यागत वाटतं.

तर तसंच समजा आणि ऐका.

आपल्या वयाच्या बायांची सुरुवात ‘माहेरची साडी’पासून होते. १९९१ साल. विजय कोंडकेंचा पिक्चर, अलका कुबल सून आणि उषा नाडकर्णी सासू. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आमच्या वस्तीवरच्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला पिक्चरला गेल्या होत्या आणि येताना सगळ्यांचे पदर ओले. मोठेपणी मी तो टीव्हीवर दोन-तीनदा बघितला. रडू मलाही येतं, खोटं कशाला बोलू. अलका कुबल रडायला लागली की दगडाला पाझर फुटेल. पण माझं मत विचाराल तर त्या साडीनं आपलं नुकसान केलंय. आपल्याकडं बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली की भाऊ साडी-चोळी करतो, आणि आपण ती साडी मिरवतो. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा आहे. दोन एकराच्या बदल्यात एक साडी, हा कसला भाव झाला? पिक्चरमध्ये हा विषय नाही, मला माहीत आहे. पण नाव ऐकलं की मला सातबाराच आठवतो. कुणी भावाला खुशीनं सोडत असेल तर सोडावं, तिची मर्जी. निदान कागद वाचून सही करावी.

आता साडीवरून साडी आठवली म्हणून सांगते. ‘होम मिनिस्टर’ २००४ साली सुरू झालं. आदेश भावोजी घरी यायचे, बाईला नाव विचारायचे, उखाणा घ्यायला लावायचे आणि तोवर नवरा, सासरा, दीर मागं उभे. मला तो कार्यक्रम फार आवडायचा. घरातल्या बाईला कॅमेऱ्यापुढं खुर्चीवर बसवून ‘तुम्ही सांगा वहिनी’ असं तोवर टीव्हीवर कुणी म्हणलं होतं? पैठणी आपल्या शेजारची, येवल्याची. कोपरगावच्या बायांना तर ती घरचीच. पण २०२२ मध्ये त्याच कार्यक्रमाचं ‘महामिनिस्टर’ झालं आणि बक्षीस काय, तर ११ लाखांची पैठणी. मी लगेच वही घेतली. आमच्या गटात १२ बाया, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत. वर्षाचे झाले २८,८००. व्याज बाजूला ठेवलं तर ११ लाख जमायला १२ बायांना ३८ वर्षं लागतात. आणि ती साडी नेसून जायचं कुठं? कपाटाला कुलूप लावून रात्रभर जागायचं. पाच-सात हजारांची पैठणी होती तेव्हा कार्यक्रम आपला वाटायचा. पुढं तो माझ्यापुरता संपला.

आता राधिकाकडं येऊ. तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला माहीत आहे कोण राधिका. ‘माझ्या नवऱ्याची बायको’, २०१६ ते २०२१. नवरा गुरुनाथ, त्याची ती शनाया, आणि नागपूरकडची साधी बोलणारी राधिका. अनिता दातेनं काम फार चांगलं केलं. नवऱ्याचं बाहेर लफडं, ही गोष्ट काही नवी नाही. नवीन काय होतं, तर राधिका रडत बसली नाही, तिनं मसाला करायला घेतला. राधिका मसाले. आणि बघता बघता ती ३०० कोटींच्या कंपनीची मालकीण झाली.

मैत्रिणींनो, मसाला आपणही करतो. आमच्या गटानं कांदा-लसूण मसाल्याचं काम घेतलं तेव्हा गावात सगळे आम्हाला ‘राधिका आल्या, राधिका आल्या’ म्हणायचे. काही टोमणा म्हणून, काही कौतुकानं. तर मी तुम्हाला सांगते आमच्या राधिकेनं काय काय केलं आणि मालिकेतल्या राधिकेला काय काय करावं लागलं नाही.

पहिलं म्हणजे मिरची. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला. मार्च-एप्रिलला भाव उतरलेला असतो तेव्हा वर्षाची मिरची घेऊन ठेवावी लागते, म्हणजे भांडवल वर्षभर पोत्यात अडकून पडतं. मग निवडणं, वाळवणं. देठ काढताना हाताची जी आग होते, ती संध्याकाळी लेकराला जवळ घेता येत नाही इतकी. कांडपाच्या मशीनवर नंबर लावायचा आणि नेमकी तेव्हाच लाईट जायची. अन्नसुरक्षेचं नोंदणीपत्र काढायचं. आम्ही काढलं तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती, पण ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्यानं त्याच्या पाचपट घेतले. पाकिटावर वजन, तारीख, बॅच नंबर, किंमत, सगळं छापायचं. सीलिंग मशीन नीट तापलं नाही तर पाकीट सुटतं, मसाल्याला ओल धरते. आणि सगळ्यात मोठं संकट म्हणजे उधारी. परकं गिऱ्हाईक रोख देतं. नातेवाईक पाकीट उचलतात आणि म्हणतात, ‘लिही गं वहीत.’ आमच्या मसाल्याच्या पहिल्या वर्षाच्या वहीत सगळ्यात जास्त थकबाकी पाहुण्यांची होती.

मालिकेत यातलं फारच थोडं आलं. उधारीची वही घेऊन दारोदार फिरणारी राधिका मी तरी बघितली नाही. मोठ्या ऑर्डरी आल्या, माणसं आली, ऑफिस आलं. ३०० कोटी. मी त्या ३०० कोटींवर शून्य किती ते मोजलं, नऊ झाली. आमचा पहिल्या वर्षाचा निव्वळ नफा, मजुरी धरून, १४,००० रुपये होता.

तरीही मी राधिकेच्या बाजूनं बोलणार. कारण सांगते. आमच्या गटातल्या एका बाईच्या नवऱ्याचं म्हणणं असायचं की बायांनी लोणची-पापड करावेत, धंद्याच्या नादी लागू नये. तो रोज राधिका बघायचा. नगरला साईज्योती प्रदर्शनात आमचा स्टॉल लागला तेव्हा तोच माणूस एसटीत मसाल्याची दोन पोती टाकून घेऊन आला आणि स्टॉलच्या मागं उभा राहून पिशव्या भरत बसला. मालिकेमुळं बदलला असं मी म्हणत नाही. पण घरात रोज संध्याकाळी अर्धा तास एक बाई धंदा करताना दिसते, त्याची सवय माणसाच्या डोळ्याला होत असणार. आमच्या दहा बैठकांनी नसतं झालं.

‘आई कुठे काय करते’ तुम्ही सगळ्यांनी पाच वर्षं बघितली, डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४. नावच इतकं बरोबर आहे की पुढचं काही बघायची गरज नाही. ‘आई कुठं काय करते, घरीच असते’. जनगणनावाला येतो तेव्हा आपल्या घरातूनही असंच उत्तर जातं. पहाटे चारला उठून दोन म्हशींची धार काढणारी बाई कागदावर ‘गृहिणी’. अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारातून बाहेर पडली, गाण्यावर पोट भरायला लागली, पुन्हा लग्नही केलं. पहिली दोन वर्षं छान. नंतर मात्र रबर ताणल्यासारखी ताणली. पाचव्या वर्षी कोण कुणाचं कोण हे लक्षात ठेवायला मला वंशावळ काढावी लागली असती. आणि एक राहतंच, या सगळ्या बाया झोपताना पण एवढे दागिने कसे घालतात?

‘अग्गंबाई सासूबाई’तली सून आपल्या विधवा सासूचं लग्न लावून देते, हे मात्र मला मनापासून पटलं. २०१९ ची ती मालिका. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या ही प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं साऱ्या ग्रामपंचायतींना तसं करायला परिपत्रक काढलं. आपल्यातल्या किती गावांनी ठराव केला? हात वर करू नका, मला माहीत आहे. केला तिथंही हळदी-कुंकवाला विधवा बाईला बोलवतात का, ते जानेवारीत बघू.

आता जो पिक्चर मला सगळ्यात जास्त आवडतो त्याच्याबद्दल जरा निवांत बोलते. ‘एलिझाबेथ एकादशी’. परेश मोकाशींचा, २०१४ चा. पंढरपूरचं एक घर. वडील वारलेत. आई मशीनवर स्वेटर विणून घर चालवते. म्हातारी आजी आहे, ज्ञानेश आणि मुक्ता ही दोन लेकरं आहेत, आणि वडिलांनी बनवलेली एक सायकल आहे, तिचं नाव एलिझाबेथ. आईचे हप्ते थकतात आणि विणायचं मशीन जप्त होतं. मशीन सोडवायला पैसे हवेत म्हणून सायकल विकायची वेळ येते. मग सायकल वाचवायला पोरं आईच्या चोरून एकादशीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान लावतात.

बच्चेकंपनीचा पिक्चर म्हणून लोक बघतात. त्याला मुलांच्या चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. मला मात्र तो आपल्या गटांनी बघायचा पिक्चर वाटतो. का? त्यात कर्ज घेतलेल्या बाईला कुणी वाईट म्हणलेलं नाही. ती उधळी नाही, आळशी नाही. नवरा गेला, हप्ता चुकला, एवढंच. आणि ज्या मशीनवर ती हप्ता फेडणार तेच मशीन उचलून नेलं. आता ती फेडणार कशानं? माझं साधं गणित आहे, कमाईचं साधन नेलं तर वसुली तिथंच बुडाली. आमच्या गटाच्या ठरावाच्या वहीत पहिल्याच पानावर आहे, थकबाकी झाली तरी शिलाई मशीन, शेळी, गाय याला हात लावायचा नाही. हप्ता लहान करायचा, मुदत वाढवायची, पण दावणीचं जनावर सोडायचं नाही.

हे मी आज मुद्दाम बोलतेय. दर आठवड्याला दारात येऊन वसुली करणाऱ्या फायनान्स कंपन्यांचं कर्ज आपल्यातल्या बऱ्याच जणींनी घेतलंय. एकीचं फेडायला दुसरीचं, दुसरीचं फेडायला तिसरीचं. बैठकीत कुणी सांगत नाही, लाज वाटते. ज्ञानेशची आई पण सांगत नाही, आतल्या आत कुढत राहते. आपल्या गटाचं कर्ज वर्षाला किती टक्के पडतं आणि त्यांचं किती, हे प्रत्येकीनं आपल्या सीआरपी ताईला विचारा. ती कागदावर मांडून दाखवेल.

कर्जाच्या कागदावरून एक जुना हिंदी पिक्चर सांगते, ‘मंथन’. १९७६ चा, श्याम बेनेगल यांचा. गुजरातच्या दूध सोसायट्यांची गोष्ट. आपला जिल्हा दुधाचा, म्हणून हा तुम्ही बघाच. या पिक्चरला पैसे कुणी दिले माहीत आहे का? गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी २ रुपये. झाले १० लाख! म्हणजे बचत गटाचीच पद्धत, फक्त मोठी. त्यात स्मिता पाटील बिंदू आहे. जातीनं खालची धरलेली, एका म्हशीवर जगणारी. म्हैस मरते, ती नडते, आणि तो खासगी डेअरीवाला मिश्रा तिचा एका कागदावर अंगठा घेतो. कागदावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही. लिहिलेलं असतं, ज्या डॉक्टरनं सोसायटी उभी केली त्याच्यावरच खोटा आळ. मी तो प्रसंग बघताना टीव्हीशी मोठ्यानं बोलले, ‘नको गं देऊ अंगठा.’ आपल्या प्रत्येक गटात सुरुवातीला दोन-तीन तरी अंगठेवाल्या होत्या. सही शिकायला कुणाला आठ दिवस लागले, कुणाला सहा महिने. आमच्या एका मावशीची सही अजून प्रत्येक वेळी वेगळी येते आणि बँकवाले वैतागतात. पण मावशी अंगठा देत नाहीत. ‘अंगठा दिला की माणूस गेलं,’ असं म्हणतात.

आता ‘सैराट’. एप्रिल २०१६. नागराज मंजुळे तसे आपलेच म्हणायचे. नगरच्या कॉलेजात शिकले, त्यांची ‘पिस्तुल्या’ ही छोटी फिल्म तिथल्या शिक्षणातूनच झाली. ‘फँड्री’ची गोष्ट घडते ते गाव नगर तालुक्यातलं अकोळनेर. ‘सैराट’चं शूटिंग करमाळ्याकडं झालं, म्हणजे कर्जत-जामखेडच्या शेजारीच. आर्ची ट्रॅक्टर चालवत परशाच्या घरापुढं जाते तेव्हा थेटरात शिट्ट्या पडल्या. पोरी पण मारत होत्या. आणि शेवट झाल्यावर सगळं थेटर गप्प. बाहेर येईपर्यंत कुणी बोललं नाही.

गप्प का, ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. सोनईला २०१३ मध्ये तीन तरुण मारले, खर्ड्याला २०१४ मध्ये सतरा वर्षांचा मुलगा. जात आणि मुलीवरचा संशय, दोन्हीकडं तेच. तो शेवट कुठं लांब घडलेला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात आमच्या गटात काय झालं ते मी नावगाव न सांगता सांगते. एका बाईनं कर्जाची मागणी केली, ४०,००० रुपये, कारण लिहिलं ‘घरदुरुस्ती’. मी दप्तर लिहीत होते, मी विचारलं, घराला काय झालं? ती म्हणाली, पत्रे. तिचे पत्रे मागच्याच वर्षी बदललेले मला माहीत होते, त्याचंही कर्ज माझ्याच हातानं लिहिलेलं. मग दुसरी बाई हळूच म्हणाली, लग्न काढलंय पोरीचं. पोरगी सोळा वर्षांची, दहावी झालेली. आई रडायला लागली. म्हणाली, तुम्ही बघितला ना पिक्चर, माझ्या पोरीला कॉलेजला पाठवून मी काय करू? उद्या काही झालं तर माझ्या घरातले लोक तिला जिवंत ठेवतील का? मी तिला वाचवायलाच लग्न करतेय.

काय बोलणार सांगा. भीती खरी होती. दोन तास बैठक चालली. कुणी म्हणालं, तिच्या घरचा प्रश्न आहे, आपण व्याजाशी मतलब ठेवावा. अध्यक्षबाई म्हणाल्या, गटाच्या पैशातून बालविवाह होणार असेल तर मी सही करणार नाही, मग अध्यक्ष बदला. शेवटी मत घेतलं. सात विरुद्ध चार. कर्ज नामंजूर. पण तेवढ्यावर सोडलं नाही. तालुक्याच्या कॉलेजला जाणाऱ्या गावातल्या सहा पोरींनी एकाच एसटीनं जायचं-यायचं आणि एसटी चुकली तर गटातल्या कुणीतरी फाट्यावर थांबायचं, असं ठरलं. दोन वर्षं आम्ही पाळीपाळीनं फाट्यावर थांबलो.

ती बाई मधे वर्ष-दीड वर्ष माझ्याशी नीट बोलत नव्हती. पोरगी बारावी झाली, पुढं शिकली नाही. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, आईबापानंच ठरवलेलं. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पण ‘सैराट’ वाईट आहे, पोरी बिघडवतो, असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं भांडण आहे. त्यात पळून जाणं फार तर अर्धा पिक्चर आहे. उरलेला अर्धा हैदराबादला आहे. झोपडपट्टीतली खोली, कारखान्यातलं काम, पैशावरून भांडणं, मग हळूहळू बसत गेलेला संसार. लाडात वाढलेली पाटलाची आर्ची तिथं कामाला जाते, कमावते. पोरींना तो भाग पण दाखवा.

आणि तिथं डोशाचा गाडा चालवणारी सुमनअक्का आठवते का? घरातून पळून आलेल्या अनोळखी पोरांना आसरा देणारी. ते काम छाया कदम यांनी केलंय. ‘फँड्री’त जब्याची आई त्याच. आणि २०२४ मध्ये आलेल्या ‘लापता लेडीज’ या हिंदी पिक्चरमध्ये स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारी मंजूमाई पण त्याच. मला या बाईचं फार कौतुक. आपल्यासारखा चेहरा, आपल्यासारखे हात. सुमनअक्का आणि मंजूमाई दोघी गल्ला स्वतः सांभाळतात आणि दोघी वाट चुकलेल्या पोरीला आधी काम देतात. त्यात रेल्वेत हरवलेली नवरी फूल, तिला नवऱ्याचं नाव घ्यायची लाज वाटते आणि सासरच्या गावाचं नाव धड आठवत नाही. मंजूमाईकडं ती कलाकंद करते आणि त्याचे तिला पैसे मिळतात, आयुष्यातले पहिले. ते पैसे हातात घेतल्यावरचं तिचं तोंड बघा. आपल्या गटात पहिलं लाभांश वाटप झालं त्या दिवशी अशी बारा तोंडं मी बघितलीत. तेव्हा फोटो काढायला मोबाईल नव्हता, एवढीच हळहळ.

‘पंचायत’ ही मोबाईलवरची मालिका पोरांनी दाखवली. फुलेरा गावच्या प्रधान मंजूदेवी, काम नीना गुप्ता यांचं. खुर्ची त्यांची आणि कारभार नवऱ्याचा. हसून हसून पुरेवाट झाली, कारण सगळं ओळखीचं. आपल्याकडं १९९३ पासून एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायांना आहेत, आणि अजून गावोगावी ‘सरपंचपती’ बोर्डावर आहेत. पहिल्या भागाच्या शेवटी २६ जानेवारीचा झेंडा स्वतः लावायचा म्हणून मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करतात. हसण्यासारखं आहे, पण मला आमच्या ग्रामसंघाच्या पहिल्या अध्यक्षा आठवल्या. पहिल्या भाषणाआधी त्या रात्रभर कागद पाठ करत होत्या. आज समोरच बसल्यात, म्हणून जास्त बोलत नाही.

घाईघाईत दोन-तीन गोष्टी. शेवगाव तालुक्यातल्या अमरापूरवरून ज्यांचं आडनाव आलं ते सदाशिव अमरापूरकर नगरचे. ‘सडक’मधली त्यांची महाराणी बघून मी आठ दिवस अंधारात बाहेर गेले नव्हते. श्रीगोंद्याच्या भाऊराव कऱ्हाडेंचा ‘ख्वाडा’, मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांचा. तो काढायला त्यांनी जमीन विकली म्हणतात. पिक्चर जबरदस्त आहे, पण सातबारा विकल्याचं ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ‘बाईपण भारी देवा’ला २०२३ मध्ये आम्ही गावातून जीप करून नगरला गेलो. सहा बहिणींची गोष्ट, मंगळागौरीचे खेळ. त्यानं ७५ कोटींच्या वर धंदा केला, तो बहुतेक तुमच्या-आमच्या तिकिटांवर. आमच्या जीपमध्ये १४ जणी होत्या, त्यातल्या पाचजणी थेटरात पहिल्यांदा आलेल्या. एक आजी मध्यंतराला ‘झालं का?’ म्हणून चपला घालून निघाल्या होत्या.

आणि एक गाऱ्हाणं. सोनी मराठीवर २०२० मध्ये ‘सावित्रीजोती’ लागायची. सावित्रीबाई शिक्षिका व्हायचं शिक्षण घ्यायला आपल्या नगरलाच आल्या होत्या, मिस फरार यांच्याकडं. प्रेक्षक कमी पडले म्हणून ती मालिका वर्षाच्या आत बंद झाली. नणंद-भावजयीची कारस्थानं पाच-पाच वर्षं चालतात. चौंडीच्या अहिल्यादेवींवर पण हिंदीत मालिका आली, २०२१ मध्ये. त्यांच्या नावानं आता आपला जिल्हा आहे. मला त्यात वाड्यातल्या भानगडी कमी आणि त्यांचा कारभार जास्त बघायचा होता. महेश्वरच्या विणकरांना त्यांनी कसं उभं केलं, खजिन्याचा जमाखर्च कसा ठेवला. हिशोब चोख असलेली बाई पडद्यावर कुणी पोटभर दाखवतच नाही.

वेळ संपला, अध्यक्षताई घड्याळ दाखवतात. तेवढं एकच सांगून खाली बसते. येत्या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीनंतर, संध्याकाळी सहाला, आमच्या शाळेच्या हॉलमध्ये ‘एलिझाबेथ एकादशी’ बघायचं ठरलंय. प्रोजेक्टर शाळेचा आहे. शेजारच्या गावच्या गटांनी पण या. पिक्चर झाल्यावर अर्धा तास थांबायचं आहे, ज्यांची बाहेरची कर्जं आहेत त्यांनी आपापली हप्त्यांची कार्डं बरोबर आणावीत, बसून बेरीज करू. नावं बाहेर जाणार नाहीत, जबाबदारी माझी. बसायला सतरंज्या कमी आहेत, एक-एक पोतं घेऊन या. आणि पोरांना आणा, पण शेंगदाण्याची टरफलं हॉलमध्ये टाकायची नाहीत, मागच्या वेळी झाडायला मी एकटीच होते.